उत्तुंग चेंबर्स ऊर्फ माड

उंच काही दिसलं की माझी मान आपोआप वर जाते आणि तोंड उघडं राहतं. याला मी रसिकता म्हणतो. माझी बायको नमिता वेगळा शब्द वापरते, तो इथे देत नाही. अंधेरी पश्चिमेला, कोळीवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या ‘उत्तुंग चेंबर्स’मध्ये मी ऑफिस घेतलं, त्या दिवशीही असाच वर बघत आत शिरलो आणि समोरून येणाऱ्या एका गृहस्थांच्या जेवणाच्या डब्यावर आदळलो. सतरा मजले! तेव्हा आसपास तीन-चार मजली घरं, एक पिठाची गिरणी आणि बाकी नुसती झुडपं. अशा ठिकाणी माणसांनी घमेल्याघमेल्यांनी माल चढवून सतरा मजले उभे केले, या कल्पनेनेच मला गरगरलं होतं.

आज तिच्या डाव्या-उजव्या अंगाला आणि पाठीशी चाळीस-चाळीस मजल्यांचे काचेचे टॉवर आलेत. समुद्राच्या बाजूला तेवढी कोळीवाड्याची बुटकी घरं उरली आहेत. शाळेच्या फोटोत पहिल्या रांगेत मांडी घालून बसवलेल्या मुलासारखी आमची उत्तुंग आता दिसते. पण माझं मत बदललेलं नाही. लिफ्टसाठी थांबलो की अजूनही मी मनात म्हणतो, काय बांधलीय.

तर या इमारतीला चाळीस वर्षं झाली म्हणून सोसायटीच्या समितीने ठरवलं की खाली लॉबीत एक दगड बसवायचा, त्यावर इमारतीचा इतिहास कोरायचा आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर त्याचं अनावरण करायचं. समितीत मी आहे. मला मीटिंगला जायला आवडतं आणि इतरांना आवडत नाही, एवढीच माझी पात्रता. इतिहास कोण लिहिणार असं अध्यक्ष विपुलभाईंनी विचारताच मी हात वर केला. खरं सांगतो, मला इतिहासाशी काही घेणंदेणं नव्हतं. दगडाच्या खालच्या कोपऱ्यात ‘संकलन : जयवंत गुप्ते’ अशी ओळ मला डोळ्यांसमोर दिसत होती. मी विम्याचा एजंट. लोकांची नावं फॉर्मवर लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. आपलं नाव एकदा दगडावर यावं, यात गैर काय?

दगड तयारच होता. विपुलभाईंच्या घरी स्वयंपाकघराचं काम झालं होतं, त्यातल्या ओट्याचा काळा ग्रॅनाइट उरला होता. तो त्यांनी उदार मनाने सोसायटीला अर्पण केला. फक्त उजवीकडे खाली गॅसच्या नळीसाठी पाडलेलं एक भोक होतं. त्यात पितळी फूल बसवू, छान दिसेल, असं विपुलभाई म्हणाले. माझी ओळ नेमकी तिथेच येणार होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

पहिली अडचण आमच्या धंद्याची. विम्याचा एजंट समोरून येताना दिसला की भली माणसंसुद्धा फोन कानाला लावतात. मी वही घेऊन मजल्यामजल्यावर फिरू लागलो आणि जुन्या लोकांना मायेने विचारू लागलो, तुम्ही इथे कधीपासून, तब्येत कशी, वय काय. तर बाराव्या मजल्यावरच्या एका सीएने दार अर्धंच उघडून सांगितलं की त्याची पॉलिसी आहे, बायकोची आहे, आणि कुत्र्याचीही आहे. इतिहासासाठी आलोय म्हटल्यावर तो म्हणाला की ही नवी स्कीम दिसते.

मग मी सरकारी रस्ता धरला. कुठल्या कार्यालयात गेलो ते सांगत नाही, कारण मला तिथे पुन्हा जायचं आहे. इमारतीचा मूळ नकाशा हवा म्हटलं. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की नकाशा शोधण्याच्या अर्जाला नकाशाची एक प्रत जोडावी लागते. ती असती तर मी आलो नसतो, असं मी नम्रपणे म्हणालो. मग त्यांनी मला कांजूरमार्गच्या एका गोदामात पाठवलं. तिथले वयस्कर गृहस्थ चहा पीत होते. त्यांनी विचारलं, इमारत उभी आहे ना? मी म्हटलं, हो. मग नकाशा कशाला हवा, असा त्यांचा प्रश्न होता. चाळीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर कुणाला देता आलं नसणार. मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार करून परत आलो.

घरी शेजारचे नंदूकाका वाटच बघत असतात. निवृत्त माणूस, सल्ला फुकट. त्यांचं म्हणणं पडलं की आपल्या जोगेश्वरीची लेणी पंधराशे वर्षांपूर्वीची, पण खोदणाऱ्याने नाव कुठे लिहिलंय? आणि तुझ्या सतरा मजल्यांना ओट्याचा दगड. मी रागावून आत गेलो. पण रात्रभर ते डोक्यात राहिलं. एवढा डोंगर आतून पोखरायचा आणि नाव न टाकता घरी जायचं. कसली माणसं असतील ती?

शेवटी नमिताने मार्ग दाखवला. ती म्हणाली, “इमारत बांधली त्याआधी तिथे काय होतं ते कोळीवाड्यात विचार. आणि जातोच आहेस तर बोंबील आण.” आम्ही कायस्थ. आमच्या घरात इतिहासाच्या कुठल्याही शाखेचा शेवट मासळीपाशीच होतो.

कोळीवाड्यात काठीवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्या पलीकडे खुर्ची टाकून एक बाई हिशेब घेत बसल्या होत्या. त्या कमळताई. दोन मोठ्या बोटी, एक लहान होडी, गळ्यात अंगठ्याएवढ्या जाडीचा सोन्याचा हार, आणि आवाज असा की समुद्राने ऐकावं. मी पिशवी सरसावून सांगितलं की मी उत्तुंग चेंबर्सच्या समितीवर आहे. समितीवर हा शब्द मी जरा दाबून उच्चारला. त्यांना उत्तुंग चेंबर्स हे नाव माहीत नव्हतं. तीस वर्षं ज्या इमारतीच्या नावाने मी व्हिजिटिंग कार्ड छापतोय ते नाव दहा मिनिटांच्या अंतरावर कुणाला माहीत नाही, हे मला लागलं. मी वळून घरांच्या वरून दिसणारी आमची इमारत बोटाने दाखवली.

कमळताई खुर्चीतून उठल्या.

“अरे, तुमी माडवाले!” त्या म्हणाल्या. आणि मी हसेपर्यंत पुढचं वाक्य आलं. “आमच्या माडाला कुनाला इचारून काला केला?”

आता हे समजायला मला वेळ लागला, म्हणून सावकाश सांगतो. आमची इमारत ज्या उंचवट्यावर आहे (आमच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घसरते ती त्यामुळेच), तिथे फार पूर्वी एक एकटा, अतिउंच माड होता. समुद्रातून किनाऱ्याकडे बघितलं की तो सगळ्यांच्या वर दिसायचा. दिंडोशीच्या डोंगराच्या खांद्यावर तो माड येऊन बसला, की समजायचं आपण बरोबर जागेवर आहोत. जाळं बांधायला समुद्राच्या तळाशी रोवलेले खुंट इथेच. माड खांद्यावरून घसरला की खाली खडक आहे, जाळं टाकायचं नाही. कमळताईंचे सासरे, त्यांचे वडील, सगळे या माडाच्या भरवशावर समुद्रात गेले. मग बिल्डर आला आणि त्याने माड तोडला. सासरे त्याला शिव्या घालायला गेले होते. एक हंगाम सगळे चाचपडले. आणि मग त्याच जागी बांबूच्या परांच्या चढू लागल्या, मजल्यावर मजला गेला, वर पांढरा चुना लागला, आणि एक दिवस सासरे समुद्रातून परत येऊन म्हणाले की माड आला.

तेव्हापासून आमची इमारत म्हणजे माड. ज्यांनी तो माड पाहिलाच नाही ती पोरंसुद्धा तिला माडच म्हणतात.

मी बोंबलांच्या काठीला धरून उभा राहिलो. आमच्या लॉबीत पंखा कुठला लावावा यावर तीन मीटिंगा झाल्या, आणि त्याच वेळी समुद्रात माणसं आमच्याकडे बघून जाळी टाकत होती. कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. मी विमा विकतो. माणूस गेल्यावर मागे काहीतरी राहील, हे सांगून माझं पोट चालतं. पण गेलेल्या झाडाचं नाव सतरा मजल्यांना चिकटून राहतं, असं माझ्या कुठल्याही पॉलिसीत नव्हतं.

आणि या माडाला आम्ही दिवाळीत राखाडी रंग लावला होता. रंग आमच्या समितीतल्या आर्किटेक्ट चेतना मॅडमनी निवडला होता. डब्यावर त्याचं नाव ‘मिस्टी स्लेट’. रस्त्यावरून फार देखणा दिसतो. समुद्रातून तो धुक्यात आणि मागच्या काचेत विरघळून जातो. कमळताईंचा मुलगा धर्मा लहान होडी घेऊन जातो. दिवाळीनंतर दोनदा त्याचं जाळं खडकावर फाटलं होतं. आता मोबाइलवर सगळं दिसतं ना, असं मी चाचरत विचारलं.

“मोट्या बोटीवर मशीन हाय,” कमळताई म्हणाल्या. “लहान होडीवर माड हाय.”

तोवर आजूबाजूच्या चार बायका आणि धर्मा जमले होते. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणजे समितीकडे. अशा वेळी शहाणा माणूस म्हणतो की मुद्दा मांडतो. मी म्हणालो की सव्वीस जानेवारीपर्यंत माड पांढरा होईल, माझा शब्द आहे. का म्हणालो, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. इतका मोठा आदर माझ्या वाट्याला कधी आला नव्हता आणि तो लगेच परत करावासा वाटेना. कमळताईंनी माझ्या पिशवीत बोंबलांवर पापलेटांची एक जोडी टाकली आणि पैसे घेतले नाहीत.

घरी पापलेट तळता तळता नमिताने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “खाण्याआधी विचार कर. हे पोटात गेलं की रंग द्यावा लागेल.” मी विचार केला आणि खाल्लं.

समितीत माझं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून कान गरम होतात. विपुलभाईंनी सगळं ऐकून विचारलं की समुद्राचा आणि आपला काय संबंध? आपण तर मच्छीपण खात नाही. चेतना मॅडमनी मिस्टी स्लेट जगातल्या कुठकुठल्या इमारतींना आहे ते सांगितलं. एकाने सुचवलं की कोळी बांधवांनी लेटरहेडवर रीतसर अर्ज करावा. दुसरा म्हणाला, रंगाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते आणि सभा सप्टेंबरमध्ये. अख्खी इमारत नको, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची आणि वरच्या मजल्यांची पश्चिमेची बाजू पांढरी केली तरी पुरे, असं मी विनवलं. तर चेतना मॅडम म्हणाल्या की मग इमारतीने टोपी घातल्यासारखं दिसेल. यावर सगळे हसले. इतिहासकाराला हसतात, हे मला माहीत नव्हतं.

नंदूकाकांनी तीन उपाय सुचवले: फुगा, लेझर आणि उपोषण. मी चौथा काढला. आमच्या लग्नात आलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरींचा संच कपाटात तसाच पडून होता. तो पिशवीत भरून मी दुपारी गच्चीवर गेलो, लोखंडी शिडीने टाकीवर चढलो आणि पश्चिमेच्या बाजूला चादरी बांधू लागलो. वरून जे दिसलं त्याने माझे हात थांबले. कोळीवाडा, वाळत घातलेले बोंबील, आणि त्यापुढे इतकं पाणी की नजरेला कुठे टेकायला जागा नाही. तीस वर्षं या इमारतीत काढून मी एकदाही वर आलो नव्हतो. मी किती वेळ तसाच टाकीच्या काठावर उभा होतो, देव जाणे.

खालच्या लोकांना मात्र दिसलं ते वेगळंच. टाकीच्या काठावर एक पोक्त माणूस, हातात पांढरी चादर, नजर शून्यात. अर्ध्या तासात रस्ता भरला. मोबाइल वर झाले. कुणीतरी पोलिसांना कळवलं. एक भला माणूस कर्ण्यातून ओरडून मला सांगत होता की आयुष्य सुंदर आहे. मी सुंदरच बघत होतो. त्याला तसं सांगावं म्हणून मी हात हलवला, तर हातातली चादर सुटली, वाऱ्यावर पसरली, आमच्या सहाव्या मजल्याला वळसा घालून गेली आणि चेतना मॅडमच्या गाडीवर पांघरूण घातल्यासारखी पडली. खाली किंकाळ्या फुटल्या. पोलिसांनी नमिताला फोन करून विचारलं की तुमच्या मिस्टरांना काही त्रास आहे का. ती म्हणाली की टाकीवरचा माणूस तिचा नवरा असणं शक्यच नाही, त्याला स्टुलावर चढायला भीती वाटते. तेव्हा कुठे मला आठवलं की मला भीती वाटते. उतरवायला दोन जण लागले.

दुसऱ्या दिवशी सोसायटीची नोटीस आली. गच्चीवर विनापरवानगी जाणे, इमारतीच्या प्रतिष्ठेस बाधा आणणे, वगैरे. उत्तर द्यायला मी विपुलभाईंच्या केबिनमध्ये गेलो. मी चिडलो होतो आणि चिडलो की मी फार शुद्ध बोलतो. मी म्हणालो की प्रतिष्ठेची गोष्ट निघालीच आहे, तर आपली इमारत समुद्रातून कशी दिसते हे अध्यक्षांनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. विपुलभाई तसा रसिक माणूस. शिवाय इमारतीवर त्यांचा माझ्याइतकाच जीव आहे. पहिला गाळा त्यांच्या वडिलांनी घेतला होता. ते म्हणाले की रविवारी जमेल.

रविवारी सकाळी कमळताईंच्या मोठ्या बोटीत आम्ही बसलो. विपुलभाई पांढऱ्या बुटांत, चेतना मॅडम गॉगल लावून, नमिता रिकामी पिशवी घेऊन. कमळताई स्वतः आल्या होत्या, म्हणाल्या की समितीचा तोंडवला बघायचा हाय. सुकाणूवर धर्मा. किनारा मागे पडू लागला तसे सगळे बडबडायचे थांबले. ज्या शहरात आपण जन्म काढतो, ते असं बाहेर येऊन कोण बघतो? मढपासून खाली दिसेल तिथवर इमारतीच इमारती, एकीच्या खांद्यावर दुसरी, आणि त्यांच्या मागे डोंगरांची निळसर रेघ. आवाज काही नाही. एवढी माणसं तिथे भांडत असतील, हॉर्न वाजवत असतील, मीटिंगा घेत असतील, आणि इथे फक्त बोटीला लागणारं पाणी ऐकू येत होतं. मला भरून आलं. विपुलभाईंनीही दोन्ही हात जोडले होते. पण ते बहुधा लाटांसाठी असावेत.

धर्माने इंजीन बंद केलं. बोट डुलू लागली.

विपुलभाईंनी डोळ्यांवर हात धरून किनारा धुंडाळला. मग एका इमारतीकडे बोट केलं. धर्मा म्हणाला, ते मालाड. चेतना मॅडमनी गॉगल काढला आणि ठामपणे दुसरी दाखवली. ती कुठल्याशा हॉटेलची निघाली. मला तरी कुठे दिसत होती? मी उत्तरेकडून एकेक करत मोजत आलो, काचा, काचा, क्रेन, काचा, आणि ती जिथे असायला हवी तिथे नुसतं धुरकट होतं. ज्या इमारतीकडे बघताना माझी मान तीस वर्षं दुखली, ती तिथे नव्हतीच.

विपुलभाईंचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, “आपली बिल्डिंग कुठे आहे?”

“दिवालीपासून मी बी तेच इचारते,” कमळताई म्हणाल्या.

धर्माने फाटलेलं जाळं दाखवलं. ते त्याने पुन्हा विणायला घेतलं होतं. पहिल्या बोलल्या त्या चेतना मॅडम. त्या म्हणाल्या, “रंग चांगलाच आहे. पण इथून चांगला नाही.” एका आर्किटेक्टने एवढं म्हणणं म्हणजे काय असतं ते आर्किटेक्टबरोबर काम केलेल्यांनाच कळेल. परतीच्या वाटेवर त्यांनी टाकीच्या मापाचं चित्र नमिताच्या पिशवीवरच काढलं, आणि विपुलभाईंनी सर्वसाधारण सभेची मंजुरी मागाहून घेऊ असं जाहीर केलं. मागाहून घेण्याची परंपरा आमच्या सोसायटीत जुनी आहे.

जानेवारीच्या मध्याला टाकी आणि वरच्या तीन मजल्यांची पश्चिम बाजू लख्ख पांढरी झाली. इमारतीने टोपी घातल्यासारखं दिसतं, हे खरं आहे. कोळीवाड्यातून निरोप आला, माड दिसला. मी तो निरोप नमिताला तीनदा सांगितला.

दगडाचं काम मात्र शेवटच्या आठवड्यात अडलं. आजवरच्या सगळ्या अध्यक्षांची नावं विपुलभाईंनी त्यात घालायला लावली होती. कारागीर म्हणाला की भोकाच्या वर आता एकच ओळ बसेल. माझ्यापुढे दोन ओळी होत्या. एक, ‘समुद्रात या इमारतीला माड म्हणतात’. दुसरी, माझं नाव. मी खाली जाऊन चहा प्यायलो. मग आणखी एक प्यायलो. वर येऊन पहिली ओळ कोरायला सांगितली आणि त्या दिवशी घरी कुणाशी बोललो नाही. वाईट वाटलं, ते कशाला लपवू?

सव्वीस जानेवारीला झेंडा फडकला, पडदा सरकला, टाळ्या पडल्या. विपुलभाईंनी भाषणात सांगितलं की ही इमारत आता फक्त आपली नाही, समुद्राची आहे. माझे डोळे पाणावले. आणि त्याच दमात, त्याच माइकवरून, त्यांनी आनंदाची बातमी दिली की एका बिल्डरची रीडेव्हलपमेंटची फार चांगली ऑफर आली आहे. दोन-एक वर्षांत ही इमारत जाईल आणि इथे पंचेचाळीस मजली उभी राहील. टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त पडल्या. चेतना मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. मी पेढा हातात धरून तसाच उभा राहिलो. मी शब्द दिला होता. तो पाळूनही मोडणार होता.

हे कमळताईंना दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत आपण सांगावं, म्हणून दुसऱ्याच सकाळी मी कोळीवाड्यात गेलो. कमळताई बाजाराच्या गडबडीत होत्या. धर्मा लहान होडी काढत होता. म्हणाला, “चला काका, माड दावतो.” नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात होडीत बसलोही.

लहान होडीत समुद्र फार जवळ असतो. मी दोन्ही हातांनी कड धरून बसलो होतो. धर्मा उभा होता, एक हात वल्ह्यावर, नजर किनाऱ्यावर. सगळी काच, सगळ्या क्रेन, सगळं धुरकट. आणि त्यात एक छोटासा पांढरा चौकोन. आमची टाकी. मी ती ओळखली. होडी सरकत होती तसा तो पांढरा चौकोन डोंगराच्या उतारावरून हळूहळू वर चढत होता, आणि मग डोंगराच्या खांद्यावर येऊन थांबला. धर्माने माझ्याकडे न बघता एवढंच म्हटलं, “माड बसला.” आणि वाकून पाण्यात हात घातला. तिथे त्याचा खुंट होता. एवढ्या सगळ्या पाण्यात, कुठली खूण नाही, रेघ नाही, आणि माणूस वाकतो तर त्याच्या हाताला त्याची दोरी लागते. मी देवळातही इतका गप्प कधी बसलो नसेन.

परत आल्यावर कमळताई टोपली लावत होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहून सगळं सांगितलं. बिल्डर, ऑफर, दोन वर्षं. सांगताना खाली बघत होतो. म्हणालो की मला माफ करा, शब्द मी दिला पण इमारत माझ्या हातात नाही. त्या मासे निवडत ऐकत राहिल्या. मग मान वर न करता त्यांनी विचारलं की नवी त्याच जागेवर उभी राहणार ना. मी म्हटलं, त्याच.

“मंग रडता कशाला?” कमळताई म्हणाल्या. “पडू दे. जो उभा राहील त्यालाच माड म्हनू. तुमी फक्त रंग आमाला इचारून लावा.”

एवढं बोलून त्यांनी टोपलीवर ओलं फडकं टाकलं आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला सुरमईचा भाव सांगितला.